जीरूच्या वाट्याचा प्रसाद

विमा कंपनीत उभं आयुष्य घालवलेल्या कृष्णरावांना धोका नसेल तिथेही दिसायचा. त्यांच्या नातीने, तन्वीने, बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या त्यांच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं. पोह्यांवर भुरभुरवलेल्या जीरावन मसाल्यासारखा रंग, म्हणून नाव जीरू. शाळा सुरू झाल्यावर ते आजोबांवर सोपवून ती म्हणाली, "आबा, याला चॉकलेट बिलकुल नाही द्यायचं. अंगूर पण नाही. आणि रबर दिसलं की गिळतो हा. समजलं ना?"

आबांना जरा जास्तच समजलं. दप्तर खुंटीवर गेलं, कंपासपेटी कपाटावर, आणि फिनेलची बाटली थेट देवघरात, गणपतीच्या पाठीमागे. द्राक्षांना तर घरात प्रवेशच बंद.

"अहो, साखर कुठे ठेवलीत?" त्यांच्या पत्नी सुमनताई विचारायच्या.

"सुरक्षित आहे."

"ते कळलं. सापडणार कधी?"

सहामाहीचा पहिला पेपर गुरुवारी होता. सुमनताईंनी शिऱ्याचा नैवेद्य दाखवला, पण व्हॅनचा हॉर्न वाजला आणि तन्वी प्रसादाची वाटी तशीच टाकून पळाली. पाठोपाठ गाणं वाजवत कचरागाडी आली. ओल्या कचऱ्याचा डबा उचलून निघालेले कृष्णराव त्या वाटीपाशी अडले. सुमनताईंचा उपास, यांना डायबिटीस. आणि प्रसाद काय कचऱ्यात टाकायचा? समोर जीरू भाविकपणे बसला होता. त्याने वाटी चाटून आरशासारखी केली. पाप टळलं म्हणून कृष्णराव स्वतःवर खूश झाले.

"शिरा कुणी संपवला?" सुमनताईंनी येऊन विचारलं.

"जीरूने. फार श्रद्धाळू आहे हो!"

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बेदाणे होते त्यात! बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्षच ना?"

कृष्णरावांनी साऱ्या घराला कुलपं घातली होती, आणि धोका स्वतःच्या हाताने वाटीत वाढला होता.

जनावरांच्या दवाखान्याकडे निघालेली रिक्षा पलासियाच्या चौकातल्या गर्दीत अडकली. "भिया, जरा जल्दी," एवढंच ते रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मांडीवरचा जीरू मजेत बाहेर बघत होता.

दवाखान्यात डॉक्टर ऋजुता यांनी इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. "काही बेदाणे निघाले. किती खाल्ले होते, काकाजी?"

कृष्णरावांनी ते पाहिलेसुद्धा नव्हते. "बरा होईल ना?"

"आत्ताच काही सांगता येत नाही. किडनीवर परिणाम झालाय का, ते एक-दोन दिवसांनी कळेल. तोवर सलाईन, आणि वाट बघायची."

लोकांना आयुष्यभर 'काळजी करू नका' सांगणारा माणूस स्टुलावर बसून थेंब थेंब पडणारं सलाईन बघत राहिला. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं. जीरूने त्यांची बोटं चाटली. बोटांना अजून तुपाचा वास होता.

दुपारी सुमनताईंचा फोन आला. "तन्वी आलीय. मी काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा." आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

"आबा! पेपर मस्त गेला! तुम्ही जीरूला घेऊन कुठे फिरताय? आणि माझा प्रसाद कुणी खाल्ला? मला पाहिजे होता."

कृष्णरावांनी सलाईनच्या नळीकडे पाहिलं.

"आबा? बरं, जीरूला तर द्या फोन."

त्यांनी फोन जीरूच्या कानाशी धरला. तिचा आवाज ऐकून त्याने मान उचलली आणि शेपटी हलवली, पण सकाळच्यापेक्षा जरा हळू.