उपरण्याखालचा डावा हात

“शिव्या तर बराबर येतेत दादाला. मंग बैलाला बैल म्हनायला काय होतंय?”

काका हे काकूला हळूच म्हणाले, पण ओसरी आणि चूल यांच्यात फक्त कुडाची भिंत होती. मी पीठ मळत होते. आईनं ऐकलं आणि चुलीत फुंकर घातली.

काका खोटं बोलत नव्हते. ज्वारीच्या खळ्यावर आबा, म्हणजे माझे वडील आणि काकांचे दादा, कोसळले, तेव्हापासून त्यांची उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं हरवलं होतं. सगळं हरवलं असतं तर लोकांना समजायला सोपं गेलं असतं. पाणी हवं असलं की ते “दोर” म्हणत. चुकलं हे त्यांचं त्यांना कळे. मान हलवून, डोळे मिटून पुन्हा शोधत, आणि पुन्हा “दोर”च येई. मग संतापानं एक शिवी निघे, ती मात्र स्वच्छ आणि खणखणीत. गावात कोणी म्हणे बाहेरचं झालं, कोणी म्हणे सोंग आहे. काका म्हणत, डोकं गेलं.

मी जालन्याला मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात शिकत होते. आबांना गाडीत घालून केदारखेड्याच्या वाटेनं तिथल्या मिशनच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा गोऱ्या डॉक्टरीणबाई सगळं मलाच सांगत होत्या, कारण आमच्यात इंग्रजी कळणारी मी एकटी. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचलं नाही, म्हणाल्या. शब्द शोधून तोंडापर्यंत आणायचं काम तिथं चालतं. बाकीचा मेंदू शाबूत आहे. मोजणी, भजन, शिव्या हे सवयीनं आपोआप येतं, त्याला शोधावं लागत नाही.

घरी मी हे चार वाक्यांत सांगितलं. काका हसले. “मडमनं मडमला सांगितलं, आन् आमी ऐकलं.”

त्यानंतर मी काही सांगितलं नाही. शाळा सोडून आबांजवळ बसू लागले. एकदा घोंगडीखाली त्यांचा चांगला हात हातात धरून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आबा, आपल्याकडं शेळ्या किती राह्यल्या?” ते “दोर” म्हणाले आणि थांबले. मग घोंगडीखाली त्यांनी माझी तीन बोटं घट्ट धरली. शेळ्या तीनच होत्या.

जनावरांच्या बाजारात देणारा आणि घेणारा हातांवर उपरणं टाकतात आणि बोटं धरून भाव करतात. तोंडानं कोणी आकडा काढत नाही. विकायचं नसेल तर मालक मूठ आवळतो, मग समोरचा हात काढून घेतो. आबांनी जन्मभर असे सौदे केले होते. मी रोज विचारू लागले. दूध घेता का? नको असलं की मूठ. मी किती वर्षांची झाले? आधी पूर्ण पंजा, पुन्हा पंजा, पुन्हा पंजा, मग दोन बोटं. एकदाही चुकले नाहीत.

हे मी आईलासुद्धा सांगितलं नाही. काका हसले असते, आणि हसल्यावर आबांनी हात पुढं केला नसता, अशी मला भीती वाटे.

काका काकूजवळ ते बोलले, त्याच दिवशी त्यांनी हेडी बोलावला होता. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. आबांची बैलजोडी विकायची होती. जोडी गेली की आमचं रान काकांच्या औतावर जाणार, आम्ही ते देतील ते खाणार, आणि आबा कोपऱ्यातला वेडा म्हणून उरणार. धाकट्या भावाकडून जोडी घ्यायला हेडी कचरत होता, म्हणून काकांनी गावातले दोन जाणती माणसं बसवली होती. मालक शुद्धीत नाही, एवढं त्यांनी म्हणायचं होतं.

आबांना खांबाला टेकवून बसवलं होतं. जाणत्यांपैकी एकानं बैलांकडं बोट दाखवलं. “पाटील, हे काय हाय, सांगा बरं.”

आबांच्या कपाळावर घाम आला. “दोर… दो… घर.”

“त्याचं घरच हाय की ते,” दुसरा म्हणाला. कोणीतरी हसलं. पहिल्यानं मान खाली घातली. “न्हाई. आता काई राह्यलं न्हाई.”

आबांनी शिवी हासडली. काकांनी दोन्ही हात पसरले. “बघा! हे कसं बराबर येतं?”

हेडीनं खांद्यावरचं उपरणं काढून झटकलं. काकांनी उजवा हात पुढं केला. हेडी अजून अडखळत होता. “मालकाचा हात असता तर बरं झालं असतं.”

“त्यो लुळा हाय. आन् डाव्यानं काय सौदा करतेत का?”

डाव्या हातानं आमच्याकडं कोणी सुपारीसुद्धा देत नाही.

आबांचा डावा हात मांडीवर होता. तो उघडला, मग मिटला. मूठ इतकी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. सगळे बैलांकडं बघत होते.

उपरणं काकांच्या हातावर पडलं.

मी उंबऱ्यात उभी होते. परक्या पुरुषांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आईनं मागून माझा पदर धरला. मला बोलायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. आधी इंग्रजी शब्द आले, त्यांचा इथं काही उपयोग नव्हता. आबांनी वर पाहिलं, बैलांकडं नाही, माझ्याकडं.

मी उंबरा ओलांडला.

“काका, तुमचा हात काढा,” मी म्हणाले आणि हेडीकडं वळले. “मामा, आबांचा डावा हात घ्या उपरण्याखाली, आणि जोडी विकायची का, ते त्यांनाच विचारा.”