सटवाजीची ओ

सेनगावाकडच्या गोरेगावच्या बाजारात सटवाजी शिंप्याला हाक मारायची तर नाव पुरतं घ्यायचीही गरज पडत नाही. 'सट' म्हणेपर्यंत आतून 'ओ' आलेली असते. समोरच्या ओट्यावर कुणी आपल्या शेळीला बोलावलं तरी हा मशीनवरून 'ओ' देतो. एकदा शेळी आणि सटवाजी दोघंही एकदम बाहेर आले, तेव्हा बाजार कितीतरी वेळ हसत होता.

पण हाच माणूस आधी असा नव्हता. तिसऱ्या हाकेशिवाय तोंड उघडायचं नाही, हे त्याच्या आईनं, चतुराबाईनं, त्याच्या हाडात शिवून ठेवलं होतं. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. हा जगला म्हणून सटवाईचं नाव ठेवलं, आणि त्याच्यावर पापणीसारखा पहारा देत राहिली. "बाबा, जित्तं माणूस तीनदा हाक मारतं," ती सांगायची. "दुसरं जे असतं ना, त्याचं बळ दोन हाकांचंच. तिसरीला ओ दे. त्याच्या आधी जीभ उचलू नको."

सटवाजीनं ते इतकं पाळलं, की लग्न होऊन आलेल्या केशरबाईनं पहिल्याच आठवड्यात शेजारणीला विचारलं, "नवरा बहिरा हाय हे लग्नाआधी सांगाया काय झालं होतं?" शेजारणीच्या पोटात काही राहत नसे. आठवडाभरात सेनगावापर्यंत सटवाजी बहिरा ठरला होता.

तर ती गोष्ट दुष्काळ उलटून गेल्यानंतरच्या कार्तिकातली. तुरी फुलावर आल्या होत्या, लोकांच्या अंगावर जरा मांस चढलं होतं. सेनगावच्या रस्त्यावर जीप हाकणारा ग्यानोबा एका सकाळी दुकानापुढं येऊन उभा राहिला. अंगात सटवाजीनंच शिवलेली नवी पँट, ती इतकी आवळ की ग्यानोबा जीपमध्ये बसत नसे, ओणवा होत असे.

"चाल, खापरगड पाहून येऊ. थावरा वाट पाहून राहिला."

थावरा गडाखालच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, हा आता कापूस आणि तूर पिकवत होता. डोंगरातली वाट त्याच्या तळपायाला पाठ. गडावर मात्र तोही वर्षातून एखाद्या वेळीच जाई, आणि तेही उन्हं उतरायच्या आत परतण्यासाठी.

जीप तांड्यावर ठेवून तिघं चढले. पाठीला भाकरी, ठेचा, उकडलेल्या शेंगा. ग्यानोबा सारी वाट बडबडत होता. केशरबाईला तो धाकटा दीर असल्यासारखा चिडवत असे, तेव्हा इथंही तेच. "सटवा, घरी सांगून आला ना? का वहिनीनं दोनदा विचारलं अन् तू ओच दिली न्हाई?"

गडाच्या दरवाज्यात पोचल्यावर मात्र त्याचीही बडबड थांबली. गड म्हणजे आता काय होतं? दरवाज्याची कमान, दोन बुरूज, आणि आत छातीइतकं वाळलेलं गवत. वारा होता, पण गवत हलत नव्हतं. पाखरू नाही, किडा नाही. बाहेर खाली तांड्यावरचं कुत्रं भुंकत होतं, ते दरवाज्याच्या आत पाऊल टाकलं की ऐकू येईना. सटवाजीनं मुद्दाम एक पाय बाहेर टाकून पाहिला. भुंकणं आलं. पाय आत घेतला. गेलं.

"जेवून घेऊ अन् निघू," थावरा म्हणाला.

जेवण झालं. ते दोघं सावलीला टेकले, आणि सटवाजीला बुरजाच्या अंगाला सीताफळाचं झाड दिसलं. डोळे उघडलेली, मोठाली फळं. केशरबाईला नेऊ म्हणून तो गवतातून गेला. हात वर केला, टाच मागं टेकवली, आणि पायाखालचा दगड त्याच्यासकट आत गेला.

ते पेव होतं. जुन्या काळी ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद, लोणच्याच्या बरणीसारखं. असल्या भिंतीवर चढता येत नाही, ती आत झुकलेली असते. कंबर दुखावली होती, हाड शाबूत होतं. वर माणूस मावेल एवढंच आभाळ.

पेवाची खरी भीती पडण्याची नसते, तळाशी साचलेल्या विषारी हवेची असते, हे आपल्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल. पेव उघडलं की आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. सटवाजीनं खिशातली काडेपेटी काढली. छातीशी काडी पेटवली, जळली. हळूहळू खाली नेली. गुडघ्याशी ज्योत निळी झाली, घोट्याशी कुणीतरी फुंकल्यासारखी विझली.

तो पडलेल्या दगडावर उभा राहिला आणि ओरडण्यासाठी त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात वरून हाक आली.

"सटवाजीऽऽ"

आवाज थावराचा. सटवाजीची ओ गळ्यापर्यंत आली आणि सवयीनं तिथंच थांबली.

"सटवाजीऽऽ"

आता तिसरी. तो वाट पाहत राहिला. तिसरी आलीच नाही.

थोड्या वेळानं दुसऱ्या अंगानं तोच आवाज, पुन्हा दोनदा, पुन्हा गप्प. मग बुरजाकडून. दोनदा. मग अगदी लांबून. दोनदा. आईनं सांगितलेलं बराबर तसंच. गडावर काहीतरी थावराचा आवाज अंगात घालून फिरत होतं आणि ह्याच्या एका ओची वाट पाहत होतं. सटवाजीनं तळहातानं तोंड दाबून धरलं.

भिंतीवरचा उन्हाचा ठिपका वर सरकत गेला. त्यानं पुन्हा काडी लावली. आता ती कमरेशीच विझली. डोकं जड झालं होतं, जीभ टाळूला चिकटत होती. ओ दिली तर ते घेऊन जाणार. नाही दिली तर पेव घेणार.

हाका बंद झाल्या होत्या. वर इतकं शांत की आपल्याच कानातलं रक्त ऐकू यावं. आणि मग कुणीतरी हाक मारली.

"सटवा."

ओरडून नाही, हळूच. वरूनही नाही. भिंतीच्या पलीकडून, जणू शेजारी आणखी एक पेव असावं आणि त्यात कुणी कान लावून उभं असावं. बाईचा म्हणावा तर बाईचा, म्हाताऱ्याचा म्हणावा तर म्हाताऱ्याचा.

"सटवा."

त्या आवाजात धमकी नव्हती. बाजारात थकून बसलेलं माणूस, कुणी ओळखीचं दिसलं तर मारेल, तशी हाक होती ती. सटवाजीला आई आठवली, तिचा पहारा आठवला, आणि तरी जन्मात पहिल्यांदाच तिसऱ्या हाकेची वाट न पाहता, छातीत उरला होता तेवढा श्वास एकवटून तो ओरडला,

"ओऽऽ!"

मग धावती पावलं, गवताची खसखस, आणि आभाळाच्या तुकड्यात ग्यानोबाचं तोंड. थावराचं पागोटं खाली आलं. सटवाजीनं ते काखेतून बांधलं. वर ओढताना ग्यानोबाची पँट मागून टर्रकन फाटली.

"असली शिलाई करतो अन् वर मलाच वढाया लावतो!" ग्यानोबा ओरडला आणि रडायलाच लागला.

श्वास जागेवर आल्यावर सटवाजीनं थावराची बंडी धरली. "तिसरी हाक काहून न्हाई मारली रे? दोनदा बोंबलायचा अन् गप! मला वाटलं भूत हाय."

थावरा चकित. "गडावर लागोपाठ तिसरी हाक मारत न्हाईत. आमच्या तांड्यात लेकराला बी ठाऊक हाय. दोन हाका आपल्या. तिसरी गड उचलतो, अन् मंग तोच तुमच्या नावानं हाका मारत बसतो. म्हणून ग्यानोबाला बी मी हाक मारू दिली न्हाई. तू काहून ओ देत नव्हता?"

"तिसरीची वाट पाहून राहिलो होतो!"

तिघं असे हसले की थावराला खोकला लागला. दोन गावांच्या दोन शहाणपणांत एक शिंपी मरता मरता वाचला होता.

दरवाजा ओलांडला, कुत्र्याचं भुंकणं परत आलं, तेव्हा सटवाजी सहज म्हणाला, "पर शेवटी पेवाजवळ येऊन हळू बोलावलं ते बरं केलं. न्हाईतर ओ निघाली नसती."

ग्यानोबा थांबला. "आमी कुठं आलतो? आमी तर इथं दरवाज्यात बसलो होतो. तांड्यावरून माणसं आणावी म्हणत होतो. तुझी ओ आली तव्हा पळत आलो."

थावरानं सटवाजीचा दंड धरला आणि तिघं भराभर तांड्याकडं उतरले.

त्या दिवसापासून सटवाजी पहिल्याच हाकेला ओ देतो. लोक चिडवतात, त्यालाही चालतं. पण केशरबाईनं शेजारणीला सांगितलेलं आणखी एक आहे. भरदुपारी, रस्त्यावर कुणी नसताना तो मध्येच मशीन थांबवतो, 'ओ' म्हणतो आणि उंबऱ्यात जाऊन डोंगराकडं बघत उभा राहतो.

"अवं, कुनी बी न्हाई बाहीर," ती म्हणते.

"असंल," तो म्हणतो. "त्यानं हाक मारली म्हणून मी वर आलो. पर त्याला काय पायजे होतं, ते मी इचारलंच न्हाई."