मिडवे मी बुडवलं, सासऱ्यांनी चौकशी लावली

मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं अमेरिकेनं बुडवली, असं पुस्तकं सांगतात. असेल. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात, आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये मात्र ती मी बुडवली. बॉम्ब लागला नाही, टॉर्पेडो लागला नाही. एक वाक्य लागलं, आणि ते जपानच्या बाजूनं बसून टाकलं. असा पराक्रम जगाच्या आरमारी इतिहासात दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर मी मिशी उतरवायला तयार आहे. मला मिशी नाही, ही गोष्ट वेगळी.

तर सुरुवात सासऱ्यांपासून. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. चौतीस वर्षं एका धरणावरच्या ऑफिसात बसून त्यांनी इतके आदेश लिहिले की ते एकावर एक रचले असते तर धरणाला सिमेंट लागलंच नसतं. सासूबाई गेल्यावर ते जळगावच्या घरात एकटे राहायला लागले आणि रात्रीचं जेवण म्हणून चहात बुडवून बिस्किटं खायला लागले. हे बायकोला शेजारच्या मावशींनी फोनवर सांगितलं. तिनं बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे ओढून आणलं.

तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "माझं तिकीट बदलून द्या. दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारचं मिळतंय."

"का बाबा? काय कमी पडतंय?"

"काही नाही गं. पण इथं मला कोणी काही विचारत नाही. सकाळी तुम्ही लॅपटॉपमध्ये जाता ते संध्याकाळी बाहेर येता. मी किती वेळ झाडाकडे बघणार? ते झाडही कंटाळलंय."

त्या संध्याकाळी बायकोनं मला किचनमध्ये गाठलं. तिचा आवाज रडवेला होता आणि हातात झारा होता. हे मिश्रण फार वाईट. म्हणाली, "परत गेले तर पुन्हा बिस्किटांवर जगतील. मला ते नकोय. तू एवढा बोलघेवडा आहेस ना? जगाला टोप्या घालतोस. मग बाबांना थांबवून दाखव."

आता मी थापा मारतो असं लोक म्हणतात. तसं नाही. खरं जरा अशक्त असतं, मी त्याला दूध पाजतो एवढंच.

आमच्या डाव्या हाताला एक गोरा म्हातारा राहतो. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ, गाडी नेहमी बाहेर उभी. कारण गॅरेजमध्ये पॅसिफिक महासागर आहे. बारा फुटी टेबल, त्यावर निळा रंग, बोटाएवढी जहाजं, कापसाचे ढग. दर शनिवारी दुपारी तिथं दुसऱ्या महायुद्धातली एखादी लढाई होते. टेबलाच्या दोन टोकांना दोन सेनापती, मध्ये टांगलेली चादर, म्हणजे एकमेकांचं काही दिसू नये. सेनापतींनी चिठ्ठीवर आदेश लिहायचे. ते पंचबाईंकडे जातात. लायब्ररीतून रिटायर झालेल्या या बाई आदेशाप्रमाणे जहाजं सरकवतात, फासे टाकतात आणि कोण बुडालं ते सांगतात. म्हातारा कायम अमेरिकेकडून. भिंतीवर त्याच्या वडिलांचा नाविकाच्या पोशाखातला फोटो. मिडवे तो आजवर एकदाही हरलेला नाही.

जपानकडून खेळणारा त्याचा मित्र गुडघे बदलून फ्लोरिडाला मुलीकडे गेला होता. म्हातारा हळहळत मला म्हणाला, "आदेश नीट लिहील असा माणूसच राहिला नाही बघ."

माझ्या डोक्यात दिवाळी पेटली. म्हटलं, "काका, आमच्या घरात एक माणूस आहे. आयुष्य पाण्यावर काढलंय."

"नेव्हीत होते?"

मी हो म्हणालो नाही. मी फक्त डोळे अर्धे मिटले आणि मान अशी हलवली की बघणाऱ्याला पाठीमागे तोफा ऐकू याव्यात.

"ॲडमिरल?" त्यानं श्वास रोखून विचारलं.

"ते स्वतः सांगत नाहीत," मी म्हणालो. हे तर शंभर टक्के खरं होतं.

बाबांना मी वेगळंच सांगितलं. "बाबा, शेजाऱ्यांकडे एक ऑफिस आहे. आदेश लिहायला माणूस हवाय." त्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा तरतरी आली. त्यांनी शेजाऱ्याकडून मिडवेवरचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि आठवडाभर चष्मा लावून वाचलं. कडेला पेन्सिलीनं शेरे. शुक्रवारी म्हणाले, "जावईबापू, ह्या जपान्यांचा कारभार ढिसाळ होता. एक तर ह्यांची गुप्त लिपी शत्रू वाचत होता. दुसरं, विमानांवर एकदा जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवले, मग उतरवले, मग जहाजांसाठी टॉर्पेडो चढवले. तेवढ्यात शत्रू डोक्यावर. अहो, निघालेली फाइल कोणी परत मागवतं का?"

"मग तुम्ही काय करणार?"

"मी आदेश मराठीत लिहिणार. फोडा म्हणावं."

एवढं भक्कम सांकेतिक लेखन जपानला सुचलं नाही. अडचण एकच, पंचबाईंना मराठी येत नव्हतं. दुभाषा म्हणून मला नेमलं. बाबांचा आदेश घ्यायचा, मागच्या बाजूला इंग्रजीत लिहायचा, बाईंना द्यायचा. टपालाचं काम. चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून गॅरेजमध्ये आले. म्हाताऱ्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला. बाबांनी नमस्कार केला आणि माझ्याकडे बघितलं. मी ढगांकडे बघितलं.

तासभर खेळ झाला. मग खबर आली, शत्रूची जहाजं दिसली, किती ते नक्की नाही. बाबांनी टोपण काढलं आणि लिहिलं:

"विषय: शत्रूच्या आरमाराबाबत. १. पहिल्या अहवालावर विसंबू नये, तो नेहमी चुकीचा असतो. २. विमानांवर चढलेला दारूगोळा उतरवू नये. ३. दुसरा अहवाल प्राप्त होईपर्यंत सर्व जहाजांनी उत्तरेस सरकून ढगांखाली थांबावे. ४. पाण्यात पडलेल्या माणसांसाठी एक जहाज मोकळे ठेवावे. माणूस कोणाकडील आहे ते विचारू नये."

मी ते वाचलं. ज्या माणसाला मी आठवडाभर दर्यावरचा वाघ म्हणून मिरवलं, तो ढगाखाली लपतोय! शेजारी काय म्हणेल? आणि बाबा रटाळ खेळले तर पुढच्या शनिवारी बोलावणार कोण? मंगळवारचं तिकीट माझ्या डोळ्यांपुढे फडफडायला लागलं. मी पेन घेतलं आणि भाषांतर केलं: "सर्व जहाजांनी, सर्व विमानांसह, पूर्ण वेगानं, सरळ शत्रूच्या छातीवर!"

पंचबाईंनी चिठ्ठी वाचली, भुवया उंचावल्या, जहाजं सरकवली. फासे पडले. पुन्हा पडले. चौथ्या वेळेला त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि चादर खाली ओढली. जपानची चारही विमानवाहू जहाजं आडवी. पलीकडे म्हातारा तोंड उघडं टाकून उभा. इतक्या स्वस्तात तोसुद्धा कधी जिंकला नव्हता.

बाबा टेबलापाशी आले. "आपली जहाजं इथं कशी?"

"वाहून आली असतील बाबा."

"विमानवाहू जहाजं?"

"ओढ फार आहे ह्या समुद्राला."

"टेबलाला?"

ते पंचबाईंकडे गेले आणि चिठ्ठी मागितली. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चोख, फक्त ते ते वापरत नाहीत. मागची बाजू वाचली, पुढची वाचली, पुन्हा मागची.

"जावईबापू, ह्यातलं एक तरी माझं आहे का?"

"'सर्व जहाजांनी' हे तुमचं आहे."

बाबांनी चष्मा पुसला आणि उभ्या उभ्या आपला आदेश कलमवार इंग्रजीत वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला म्हातारा पुटपुटला, "ढगांखाली? मला सापडलाच नसता तुम्ही. माझी विमानं पेट्रोल संपून पडली असती." चौथं कलम ऐकल्यावर मात्र तो स्टुलावर बसला. मग भिंतीकडे हात करून म्हणाला, "माझे वडील जहाजावर मेकॅनिक होते. ह्याच लढाईत जहाज बुडालं तेव्हा पाण्यात होते. दुसऱ्या जहाजानं उचललं. म्हणून मी आहे. इतकी वर्षं इथं खेळतोय, पण आजवर कोणी त्यांच्यासाठी जहाज ठेवलं नाही. मीसुद्धा नाही."

बाबा हळूच म्हणाले, "पुरात आम्ही पहिलं तेच लिहायचो."

"ॲडमिरल, तुम्ही कोणत्या जहाजावर होता?"

बाबांची मान सावकाश माझ्याकडे वळली. धरणाचा दरवाजा उघडतो तशी. "ॲडमिरल?"

मी पॅसिफिकमध्ये उडी मारणार होतो, पण तो फळीएवढाच, दोन इंच खोल होता.

"साहेब," बाबा म्हणाले, "मी हेडक्लार्क होतो. माझ्या ताब्यात एक होडी होती. ती गळायची. एकजण वल्हवायचा, दुसरा पाणी उपसायचा, आणि मी ती गळते म्हणून वर लिहायचो. अकरा वर्षं लिहिलं."

"दुरुस्त झाली?"

"अहवाल मागवलाय."

म्हातारा असा हसला की अजून उभी असलेली अमेरिकन जहाजंही आडवी झाली. पंचबाई डोळे पुसायला लागल्या. हसले नाहीत ते फक्त बाबा. त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहायला बसले. आवाज चढवून वाचलं: लढाई रद्द. आदेशात फेरफार केल्याबद्दल दुभाष्याची खातेनिहाय चौकशी. चौकशी अधिकारी ते स्वतः, साक्षीदार शेजारी, कागदपत्रं पंचबाईंच्या ताब्यात. सुनावणी दर शनिवारी दुपारी. आणि शेवटचं कलम, चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधितांनी मुख्यालय सोडू नये.

घरी आल्यावर बायकोनं तो कागद वाचला. मग जपून विचारलं, "बाबा, आणि मंगळवारचं तिकीट?"

"असं कसं जाता येईल? संबंधितांत मीही येतो." ते खुर्चीत बसले. "कॅन्सल कर. आणि जरा पोहे टाक. तिकडे काहीच खाल्लं नाही."

तिनं किचनमध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि बराच वेळ पोहेच भिजवत राहिली.

चौकशी अजून चालू आहे. सात सुनावण्या झाल्या. पहिल्या सुनावणीत मी म्हणालो, बाबांचं अक्षर लागलं नाही. दुसऱ्यात चष्म्याचा नंबर. तिसऱ्यात मी सांगितलं की चिठ्ठी बदलण्यासाठी मला एक जपानी मांजर भेटलं होतं. त्या मांजराच्या उलटतपासणीतच दोन शनिवार गेले. बाबा सगळं लिहून घेतात, म्हातारा आक्षेप नोंदवतो, पंचबाई कॉफी आणतात. परवा मला वाटलं, पुरे झालं, कबूल करून टाकावं. तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं गॅरेजच्या दारातून डोळे वटारले. तिचं म्हणणं स्पष्ट आहे. बाबांचे सहा महिने पुरे होईपर्यंत मी खरं बोललो, तर माझं काही खरं नाही.

म्हणून परवाच्या जबाबात मी पाणबुडी आणली.