पूजेला बसलेल्या डब्या

भाईंदर पूर्वेला आमच्या शेठचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमधला एक गाळा, त्यात टेबल, पंखा आणि मी. नोकरीतून निवृत्त होऊन शांती नगरात घरी बसलो होतो, बायको कंटाळली होती, म्हणून तिथे गाड्यांचं बघायला लागलो. गाड्या दोनच. एक टेम्पो भांडी घेऊन भिवंडीच्या गोदामात जायचा, दुसरा मासळीसाठी बर्फ घेऊन जवळच्याच पालीच्या मच्छीमार बंदरावर.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला शेठनी दोन्ही टेम्पोंमध्ये जीपीएसच्या डब्या बसवून घेतल्या. कंपनीचा माणूस येऊन कॉम्प्युटरवर नकाशा दाखवून गेला. गाडीने जिथवर फिरायचं तिथवर माउसने रेघ ओढायची. गाडी रेघेबाहेर गेली की शेठच्या आणि माझ्या मोबाइलवर मेसेज. त्याला तो जिओ-फेन्स म्हणाला, आम्ही कुंपण म्हणायला लागलो. दोन्ही कुंपणं मी स्वतः आखली. त्या वयात माउस हाताला लागल्याचा मला इतका आनंद झाला होता की भिवंडीच्या कुंपणाचे कोपरे मी चार वेळा पुसून गोल केले.

"काका, ही लक्ष्मणरेषा झाली," भांड्यांच्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला. "मग रावण कोण, शेठ?"

हा ड्रायव्हर रत्नागिरीकडचा. बायको पालीची, कोळ्यांची. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात त्याने सासूला सांगितलं होतं की आमच्या गावचं माशाचं कालवण याहून चांगलं असतं. झालं. तेव्हापासून जावयाला पालीचं दार बंद. सहा-सात वर्षं उलटून गेली तरी ना सासूने बोलावलं, ना हा गेला.

दसरा आला. गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले. मला वाटलं, गाडीची पूजा झाली, पण खरं शस्त्र तर डबी आहे. तिला कोण विचारणार? मी दोन्ही डब्या वायरीतून काढल्या, पाटावर आपट्याच्या पानांवर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, पाणी फिरवलं, नारळ फोडला. शेठ फोनवर म्हणाले, "वा काका, क्या बात है!" संध्याकाळी डब्या परत जोडल्या. गाडीचे नंबर मी चिठ्ठ्यांवर लिहून डब्यांना चिकटवले होते. ते ओल्या कुंकवाखाली गेले होते. पण दोन तर डब्या, ही इकडची, ती तिकडची, असं म्हणून मी जोडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मोबाइल नुसता टुणटुण वाजत सुटला. शेठ सुरतेला होते. तिथून फोन.

"काका, भिवंडीची गाडी पालीमध्ये काय करते? आणि बर्फवाली भिवंडीमध्ये?"

मी स्क्रीन बघितला. खरंच की!

"शेठ, दोघांनी फेरी बदलून घेतली असणार. यंत्र खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझं. नीट लक्षात ठेवा.

"अरे, पाली तर त्याची सासुरवाडी! सासूचा मासा खायला माझी गाडी?"

शेठनी ड्रायव्हरला झाडलं. तो देवाच्या शपथा घेत राहिला. बर्फाच्या टेम्पोवरच्या भैयाने आपण पालीतच होतो म्हणून सांगितलं, ते शेठना दोघांचं संगनमत वाटलं. वर तो भैया पोट धरून हसत म्हणाला, "साली से मिलने गया होगा!" हा विनोद कसा कोण जाणे, ड्रायव्हरच्या बायकोपर्यंत गेला. तिचा मला फोन.

"काका, ते पालीत होते?"

"यंत्र तसंच सांगतंय, पोरी. ते खोटं बोलत नाही."

"आमच्या घरी तर आले न्हाय. मग कुनाच्या घरी जेवतात?"

आता गंमत राहिली नाही. एका संसाराचा प्रश्न झाला. दुसऱ्या दिवशी ती माहेरी जाऊन बसली, पाळत ठेवायला. दुपारी फोन आला. मागे पाच-सहा बायकांचा गलका.

"काका, आता कुठं हाय गाडी?"

"पालीतच. बंदराजवळ उभी आहे."

"आम्ही बंदरावरच हावो!" मागून सासूचा आवाज, "त्याला म्हन, गाडी लपवतंय का खिशात?" मग पुन्हा ती, "काका, हितं दुसरी गाडी न्हायच. नुसती बर्फाची गाडी हाय."

बर्फाची गाडी.

माझ्या डोळ्यांपुढे पाट आला, आपट्याची पानं आली, कुंकवाने माखलेल्या दोन डब्या आल्या. त्याच क्षणी मला हसू फुटलं. टेबलाखाली तोंड घालून हसलो. आणि मग काय केलं? खरं सांगितलं? नाही. कॉम्प्युटरवाले काका म्हणून गाळ्यांमध्ये माझा केवढा रुबाब झाला होता! मी म्हणालो, "अगं, आत्ताच निघाली बघ."

संध्याकाळी गुपचूप डब्यांची अदलाबदल केली. ड्रायव्हर आला तो रडकुंडीला येऊन. "काका, मी खरंच गेलो होतो काय हो? मलाच कळेना झालंय."

तेव्हाही मी डब्यांचं नाव काढलं नाही. उलट त्याला सल्ला दिला. "कबूल करून टाक. म्हण, सासूबाईंच्या कालवणाच्या वासाने गल्लीपर्यंत यायचो, दार वाजवायचा धीर व्हायचा नाही."

त्याने तसंच सांगितलं. सासू विरघळली! त्याच रात्री जावयाला पापलेट वाढलं, वर म्हणाली, "आता तुझ्या गावचं कालवण सांग." बायकोच्या मनातला संशय गेला, शेठ हसले, सगळे खूश. एक तो सोडून. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला त्याची ओळख तीच, "वासावर येणारा जावई."

परवा त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. पंगतीत बायकोने तीच गोष्ट व्याह्यांना सांगायला घेतली. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि डब्या, कुंकू, पाट, सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हर जेवता जेवता थांबला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "मी गेलोच नव्हतो!"

तिने शांतपणे माझ्या पानात कालवण वाढलं. "काका, इतक्या वर्षांनी मित्राला वाचवायला आलात? यंत्र खोटं बोलत नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

पंगत फुटली हसून. तो माझ्या कानाशी वाकला. "काका, लिहूनच द्या आता."

तर हे लिहून देतो. त्या दोन्ही दुपारी तो भिवंडीच्या गोदामाबाहेर रांगेत उभा होता, वडापाव खात. पालीत होता तो फक्त बर्फ.