गुढीची साडी

शेजारच्या गॅलरीत नलूताई गुढीला नवी जरीची साडी बांधत होत्या. माझ्या गुढीकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही तर गेल्या पाडव्याची!"

"हो. पण अजून कोरीच आहे," मी म्हटलं.

दर पाडव्याला नवी साडी यायची, दिवसभर गुढी ती मिरवायची आणि संध्याकाळी ती कपाटात जायची. मी मात्र वर्षभर विटक्या गाऊनमध्ये. बास झालं! या वर्षी नवं काही आणायचं नाही. आहे ते अंगावर फाटेपर्यंत वापरायचं.

संध्याकाळी गुढी उतरवली. पदराला साखरेच्या गाठीचा चिकट डाग पडला होता. पडू दे. तीच साडी नेसले आणि पिशवी घेऊन निघाले.

"पाडव्याची साडी भाजी आणायला?" नलूताई ओरडल्या.

"मग काय, काठीनं नेसायची आणि मी बघत बसायचं?"