वाट पाहून मिळालेला वर्ग

दुपारची खिचडी वाटून झाली होती. मुलं नळावर ताटल्या धूत होती आणि कोणी कोणाच्या अंगावर पाणी उडवलं याच्या तक्रारी माझ्याकडे येत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. दत्ताभाऊंचा, म्हणजे शोभाच्या नवऱ्याचा. "ताई, शोभा गेली... आत्ताच," एवढं बोलून ते थांबले. मागून पुण्याच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाले, "तिच्या शाळेत कळवायचं कसं असतं? म्हंजी आधी हेडगुरुजींना, का हापिसला? ती म्हणली होती, शाळेला आधी सांगा, पोरं वाट बघत्यात." मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही. जलदानविधी होऊन काही आठवडे लोटले, तरी माझ्या मनात अजून तेच वाक्य घोळतं आहे... शाळेला आधी सांगा.

शोभा माझी डी.एड.ची मैत्रीण. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका केली की मुलगी शिक्षिका होणार, असं तेव्हा आमच्या भागात सगळेच धरून चालत. कॉलेज शिरूरचं. मी दौंडची, पण शिरूरला आत्याकडे राहायचे. शोभा मांडवगण फराट्याहून एसटीनं यायची. बसायला जागा मिळाली नाही तर गुंडाळलेले तक्ते गर्दीच्या डोक्यांवर धरून उभी. तिच्या पहिल्या सराव पाठाला मी मागच्या बाकावर होते. तिनं मुलांना विचारलं, "चंद्र रातीला कवा कवा दिसत न्हाई?" आणि अख्खा वर्ग उत्तर द्यायला उठून उभा राहिला. पाठ रंगला. पण बाहेर आल्यावर निरीक्षण करणारे सर म्हणाले, "शिक्षिकेच्या तोंडी कवा आणि न्हाई चालणार नाही. आधी स्वतःची भाषा सुधारा." मला वाटलं, ही रडणार. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत उच्चार घोकायला लागली. एकदा हसत हसत मला म्हणाली, "वैशे, मी आपली केव्हा, केव्हा, केव्हा म्हणत बसले, तर कंडक्टर वैतागून म्हणतो, अहो बाई, यील की गाडी आता!"

ती पदविका पहिल्या वर्गात पास झाली. तिच्या वडिलांनी वस्तीत पेढे वाटले आणि बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार घातला. आणि त्याच सुमारास सरकारी भरती थांबली. आज उठेल, उद्या उठेल म्हणता म्हणता वर्षं गेली. माझ्या मामांची एका संस्थेत ओळख होती, मी दौंडला शिकवायला लागले. शोभाची कुठल्याच संस्थेत ओळख नव्हती. तिचं लग्न झालं, दत्ताभाऊ सणसवाडीला एका कंपनीत मशीनवर होते, ती तिथल्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि पुढं स्वतःही दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. शिक्षक पात्रतेची परीक्षा निघाली तशी तिनं तीही दिली, पहिल्यांदा थोडक्यात गेली, मग पास झाली. भरती तरीही नव्हती.

सणसवाडीला मी एका रविवारी तिच्याकडे गेले होते. दहा खोल्यांची एक रांग, समोर सिमेंटचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर बिहारकडची, मराठवाड्यातली, कुठकुठली मुलं घेऊन शोभा बसलेली. फळा म्हणून दाराची आतली बाजू काळी रंगवली होती. दार उघडलं की शाळा सुरू. शेजारणी तिला मास्टरनी म्हणत. पोरं एका वाक्यात हिंदी आणि मराठी मिसळत होती आणि ती एकालाही टोकत नव्हती. मी विचारलं, "याचा कंटाळा नाही येत? कंपनीतून आल्यावर?" ती म्हणाली, "कंपनीत दिसभर खोक्याला टेप लावते. हितं आल्याव आठवतं, मी कोण हाय ते." एवढं बोलून तिनं खडू उचलला. माझ्याशी बोलताना ती पुन्हा तिच्या भाषेत आली होती, आणि ते मला फार आवडलं होतं.

शेवटी भरती निघाली. वयाच्या अटीत ती जेमतेम बसली. दौंड तालुक्यात भीमेच्या काठच्या एका दोनशिक्षकी शाळेवर नेमणूक झाली, पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, ठरलेल्या मानधनावर; कायम त्यानंतर. चाळिशीतली बाई, पण हजर व्हायच्या आदल्या दिवशी मला फोन करून विचारत होती, "साडी नेसू का ड्रेस चालंल गं?" दोघांनी त्या गावाजवळ खोली घेतली. दत्ताभाऊ तिथून सणसवाडीला येऊन-जाऊन करायला लागले, पण तक्रारीचा एक शब्द नाही. पहिले काही महिने शोभाचा आवाज ऐकला की माझाही दिवस बरा जायचा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या खोपटांवर जाऊन तिनं मुलं गोळा करून आणली होती. गावातली बरीच मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जात; पट आणखी घसरला तर एका शिक्षकाचं पद जाईल, अशी चर्चा होती. ती म्हणायची, "एकबी पोरगं गळू द्यायचं न्हाई."

छातीत गाठ आहे हे तिला कधी कळलं, ते मला नक्की माहीत नाही. दत्ताभाऊंनाही तिनं उशिरा सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हटलं, तर तिनं त्यांना विचारलं, दिवाळीच्या सुट्टीत केलं तर चालेल का? डॉक्टर नको म्हणाले. ती घरी आली आणि शाळेत गेली. दिवाळीच्या सुट्टीत तिला निवडणुकीच्या कामाला लावलं, आणि तिनं त्यातून सूट मागितली नाही. मग म्हणाली, उन्हाळ्यात.

हे मला कळलं तेव्हा मी तिला दौंडला घरी बोलावून घेतलं. चहा तसाच गार झाला. मी म्हणाले, "शोभा, वैद्यकीय रजा मिळते. फार तर बिनपगारी मिळेल, कायम व्हायला तेवढा उशीर होईल. नियमात लिहिलेलं आहे."

"लिहिलेलं तर भरतीचंबी हुतं," ती म्हणाली.

"अगं, नोकरी कुठं पळून जातीय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकल्यासारखं. "तुला तसं वाटतं, वैशे. तुझी कवा पळाली न्हाई."

मग म्हणाली, "मी महिनाभर गेले तर तिथं एकटे गुरुजी राहत्यात. आईबाप म्हणतील, बाई गेली, चला इंग्लिश मीडियमला. पट गेला की माझी जागा गेली. मग बरी होऊन कुठं येऊ? परत टेप लावाय?" जाताना तिनं माझा हात धरला. हात गरम होता, ताप असावा. ही आमची नीट झालेली शेवटची भेट.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पण तोवर दुखणं पसरलं होतं. शाळा उघडली आणि ती अंथरुणावर होती. ती गेल्यानंतर मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात एका कामासाठी गेले, तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या बाबूंना विचारलं, तिनं रजा मागितली असती तर काय झालं असतं? ते म्हणाले, "काय व्हायचंय? दिली असती की. त्यांनी कधी विचारलंच नाही." हे ऐकून मला तिचा संताप आला, आणि मग वाटलं, कोणत्या भरवशावर विचारणार होती ती? इतकी वर्षं तिनं ज्या ज्या दारात जाऊन विचारलं, तिथं तिला थांबा म्हणूनच सांगितलं होतं. मग आपण आहोत हे कोणाच्या लक्षातही येऊ नये, अशा बेतानं ती नोकरी करत राहिली. संताप कोणावर करायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. तिची मुलगी यंदा बारावीला आहे आणि आईसारखं डी.एड. करायचं म्हणते. दत्ताभाऊंनी मला विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा, करू द्यावं का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तिचं शाळेत राहिलेलं सामान आणायला मी आणि दत्ताभाऊ गेलो. दत्ताभाऊ वर्गात आले नाहीत, बाहेर झाडाखाली उभे राहिले. तिच्या जागी तात्पुरते आलेले तरुण गुरुजी हजेरी घेत होते. मुलं "हजर" म्हणत नव्हती. नाव आलं की प्रत्येक मूल उभं राहून त्या दिवसाची एक बातमी सांगत होतं. आमच्या शेळीला दोन करडं झाली. माझा दात पडला. आमची मोटर जळली. गुरुजी मला हळूच म्हणाले, "शोभाबाईंनी लावलेली सवय आहे. मी हजर म्हणा म्हटलं, तर कोणी ऐकेना."

खिडकीजवळ ऊसतोडीवाल्यांची एक मुलगी बसली होती. तिचं नाव आलं तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई आजबी न्हाई आल्या."

"ती रोज हेच सांगते," गुरुजी म्हणाले. त्यांनी तिची हजेरी मांडली आणि पुढचं नाव घेतलं.