टायर बघितल्याशिवाय नाही

माझ्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षं लढाऊ विमानांचे टायर बदलले, पण ते स्वतः एकदाही उडाले नाहीत. मी लढाऊ विमानांचे व्हिडिओ गेम बनवते. विमान खऱ्यासारखं उडायला हवं, ही माझी जबाबदारी. एका रविवारी मोठ्या तोऱ्यात मी त्यांना गिरक्या घेऊन दाखवल्या आणि विमान धावपट्टीवर अलगद टेकवलं.

"छान. आता टायर दाखव."

मी कॅमेरा विमानाखाली नेला. टायर कोरे करकरीत होते.

"सूनबाई, हे उतरलंच नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही कधी उडालात?" हे ओठांवर आलेलं गिळलं आणि महिनाभर चाकांचं गणित नव्याने मांडलं. मग त्यांच्यासमोर पुन्हा विमान उतरवलं. गिरक्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. चष्मा पुसून थेट टायरच बघितले.

"डावा जास्त घासलाय. वारा डावीकडून होता का गं?"

होता. मीच सोडला होता, त्यांना न सांगता.

"आणि ब्रेक घाबरून दाबलास."

मी कॅमेरा जवळ नेला; टायर एकाच जागी सपाट घासला होता.

"अगं, सगळेच वैमानिक घाबरायचे," ते हळूच म्हणाले. "कोणी बोलायचं नाही. टायर मीच बदलायचो ना."